आधी पऱ्हे, मग रोवणी

एप्रिलमधली रात्र होती. धानोरा तालुक्यातल्या ज्या गावात मी संगणक परिचालक म्हणून काम करतो, तिथं फोनला धड रेंज मिळते ती गावाबाहेरच्या रपट्यावर. साडेनऊच्या सुमारास मी मोटारसायकल काढली आणि रपट्यावर जाऊन उभा राहिलो. हॅटट्रिक नावाच्या ऑनलाइन फुटबॉल व्यवस्थापनाच्या खेळात माझा एक संघ होता. मला हव्या असलेल्या आघाडीच्या खेळाडूचा लिलाव संपायला पाच मिनिटं उरली होती. या खेळात शेवटच्या तीन मिनिटांत कुणी बोली लावली, की मुदत आणखी तीन मिनिटांनी वाढते. समोरचा वाढवत होता, मीही वाढवत होतो. पाचाची पंचेचाळीस मिनिटं झाली.

मध्येच टॉर्च घेऊन जाणारे गावातले एक काका थांबले. "काऊन उभे आहा सर इथं? मोहाचे दिवस हायेत. अस्वल याच रस्त्यानं येते." मी म्हणालो, दोनच मिनिटं. ते गेले नाहीत. माझी बोली संपेपर्यंत हातातली काठी टेकून शेजारी उभे राहिले.

खेळाडू मला मिळाला. वय 31, आणि किंमत मी ठरवली होती त्याच्या दुप्पट. खेळातल्या एका आकड्यासाठी मी माझा आणि त्या भल्या माणसाचा जीव धोक्यात घातला होता, हे त्या रात्री माझ्या डोक्यातही आलं नाही. पुढं जे घडलं त्यातून मी शिकलो. आपल्याकडची बरीच मुलं हल्ली असे खेळ खेळतात, म्हणून ते सविस्तर सांगतो.

माझं मूळ गाव नागभीड तालुक्यातलं, घरची धानाची शेती. 2017 साली सतरा वर्षांखालील मुलांचा फुटबॉल विश्वचषक भारतात झाला, तेव्हा मी चंद्रपुरात खोली करून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करत होतो. भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. बंगाली कॅम्पातल्या एका मित्राच्या घरी सामने पाहिले. त्या घरात फुटबॉल म्हणजे जेवणाइतकी रोजची गोष्ट. त्यानंच पुढच्या वर्षी मला हॅटट्रिकची ओळख करून दिली.

हा खेळ 1997 साली स्वीडनमध्ये सुरू झाला. बटणं दाबून चेंडू पळवायचा हा खेळ नाही. तुम्हाला एक लहानसा क्लब मिळतो. खेळाडू घ्यायचे-विकायचे, सराव ठरवायचा, पगार भागवायचे, मैदान वाढवायचं आणि सामन्याआधी अकरा जणांची मांडणी करून ठेवायची. पुढं सामना आपोआप होतो. साखळीत आठ संघ, 14 सामने, 16 आठवड्यांचा एक हंगाम. खेळ फुकट आहे. पैसे भरणाऱ्याला काही सोयी मिळतात, पण मैदानावर जादा ताकद मिळत नाही. म्हणजे इथं हरलो, तर दोष आपलाच.

माझे दोष मोजून सांगतो. हाती असलेली सगळी रक्कम मी तिशी ओलांडलेल्या नामांकित आघाडीवाल्यांवर उधळली. त्यांचे पगार दर आठवड्याला जात राहिले आणि वयामुळं कौशल्य उतरत गेलं. सरावाचा प्रकार दर आठवड्याला बदलला. एकदा गोल मारण्याचा, एकदा बचावाचा, एकदा बगलेवरच्या खेळाचा. प्रेक्षक येतील या आशेवर मैदान वाढवलं. खुर्च्या रिकाम्या राहिल्या, पण देखभालीचा खर्च मात्र प्रत्येक खुर्चीमागे लागत गेला.

दोन सामने मी कधी विसरणार नाही. हंगामाचे शेवटचे दोन आठवडे होते. दोन्हींत मिळून एक विजय मिळाला असता, तरी आम्ही वरच्या गटात टिकलो असतो. या खेळात सामन्याआधी संघाची वृत्ती ठरवता येते. 'हंगामातला सर्वांत मोठा सामना' म्हणून झोकून द्यायला सांगितलं, तर त्या दिवशी संघ जोरात खेळतो, पण नंतर संघभावना खाली येते. मी तेराव्या सामन्याला झोकून दिलं आणि तोही एका गोलनं हरलो. चौदाव्या सामन्यात घाबरून मांडणी बदलली, कधीही न खेळलेली पद्धत लावली. पहिल्या वीस मिनिटांतच समालोचनात ओळ आली, की खेळाडू नव्या रचनेत गोंधळले आहेत. चेंडूचा ताबा समोरच्याकडं दोन तृतीयांश. माझा तो 31 वर्षांचा महागडा आघाडीवाला पूर्ण 90 मिनिटं मैदानावर होता, पण त्याच्यापर्यंत चेंडूच पोचला नाही. आम्ही खालच्या गटात गेलो. क्लबवर कर्ज चढलं आणि दिवाळखोरीची सूचना आली.

इथं थांबायला हवं होतं. मी उलटं केलं. राग आला तो खेळाच्या संथपणाचा. फोनवर त्याच जातीचा दुसरा एक खेळ उतरवला. त्याचं नाव घेत नाही. तिथं खेळाडू थकले की टोकन देऊन ताजे करता येत होते, जखमी झाले की टोकन देऊन बरे करता येत होते, आणि टोकन रुपयांना मिळत होते. कधी 89 रुपये, कधी 199, कधी 449. रकमा लहान, म्हणून मोजल्या नाहीत. जूनअखेर बाबांचा फोन आला. रोवणीच्या मजुरीसाठी पैसे पाठव म्हणाले. खातं उघडलं, तर शिल्लक धरल्यापेक्षा फार कमी. बँकेचं विवरण काढून एकेक ओळ जोडली. एव्हाना 11,400 रुपये गेले होते. बाबांनी त्या वर्षी शेजाऱ्याकडून हातउसने घेतले.

सुटीत घरी गेलो आणि सगळं सांगून टाकलं. बाबांनी फोन हातात घेतला आणि विचारलं, "हे पोट्टे तू पाळलेस का इकत घेतलेस?" म्हटलं, विकत घेतले. ते धुऱ्यावर बसले होते, समोर बांधीत रोवणी चालली होती. म्हणाले, "पऱ्हेच नाई टाकले तं रोवशीन काय? दरसाली दुसऱ्याच्या बांधीतून उपटून आणशीन का?"

पऱ्हे म्हणजे रोवणीआधी वाढवलेली धानाची रोपं, बांधी म्हणजे धानाचं शेत. आमच्या भागात हे वाक्य कुणालाही समजतं. मला मात्र त्याच वेळी दादाजी खोब्रागडे आठवले. ते आमच्याच तालुक्यातल्या नांदेड गावचे. अल्पभूधारक शेतकरी, शाळा जेमतेम. 1983 साली पटेल-3 या वाणाच्या धानात त्यांना काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. त्यांनी त्या बाजूला काढल्या, जपून ठेवल्या, पुढच्या वर्षी वेगळ्या पेरल्या. पुन्हा निवड केली, पुन्हा पेरल्या. अनेक हंगाम हेच केलं. त्यातून जो बारीक, चवदार तांदूळ तयार झाला तो एचएमटी. घड्याळाच्या नावावरून त्याला ते नाव पडलं आणि आज देशभर हा तांदूळ खाल्ला जातो. 2018 साली दादाजी गेले. त्यांनी बाजारातून भारी बियाणं आणलं नव्हतं. स्वतःच्या बांधीत काय वेगळं उगवलंय ते पाहिलं आणि त्याला वेळ दिला. फुटबॉलच्या या खेळात जिंकण्याची रीत मला त्यांच्या बांधीत सापडली.

मी दुसरा खेळ काढून टाकला आणि हॅटट्रिकमध्ये परत आलो. महागडे खेळाडू मिळेल त्या किमतीला विकले, कर्ज फेडलं. उरलेल्या पैशांत सतरा-अठरा वर्षांचे सहा मधल्या फळीतले मुलगे घेतले. नाव नसलेले, पगार अगदी थोडा. पहिला हंगाम सपाटून हरलो. दुसऱ्यात मधोमध राहिलो. तिसऱ्यात गटात पहिले आलो. खेळातलं एक वर्ष 112 दिवसांचं, त्यामुळं आपल्या एका वर्षात सतरा वर्षांचा मुलगा वीस वर्षांचा होतो. त्या सहांतल्या एकाची मी दर गुरुवारी रात्री वहीत नोंद ठेवत असे. किती मिनिटं खेळला, सराव लागला का, कौशल्याची पायरी चढली का. पायरी चढायला कधी पाच आठवडे लागत, कधी सात. गटविजेतेपदाच्या सामन्यात तोच मधल्या फळीत उभा होता.

त्या वहीतून निघालेल्या या गोष्टी. नव्यानं खेळणाऱ्यांनी जरूर वाचाव्यात.

पहिली, मधली फळी. गोल आघाडीवाले मारतात, म्हणून सगळे त्यांच्याच मागे लागतात. पण गोलची संधी कुणाला मिळणार, हे चेंडूच्या ताब्यावर ठरतं आणि ताबा मधल्या फळीवर. आघाडी आणि बचावाची परीक्षा संधी मिळाल्यानंतरची. आधी मधली फळी उभी करा, मग बचाव, शेवटी आघाडी.

दुसरी, सराव एकच धरा. निदान दोन-तीन हंगाम तो बदलू नका. आठवड्यात साखळीचा सामना आणि मैत्रीपूर्ण किंवा चषकाचा सामना असे दोन मिळतात. सराव त्या-त्या जागी खेळलेल्यालाच लागतो. म्हणून दोन्ही सामन्यांत वेगवेगळी मुलं त्या जागेवर खेळवा, म्हणजे तीनऐवजी सहा मुलं एकाच वेळी तयार होतात. मैत्रीपूर्ण सामना वाया घालवणारा अर्धी बांधी पडीक ठेवतो.

तिसरी, वय पाहा. कमी वयाची मुलं लवकर शिकतात. तिशीतला खेळाडू घ्यायचाच असेल, तर एखाद-दुसरा घ्या, तोही जागा भरण्यापुरता.

चौथी, हिशेब. खेळाडूविक्रीचे पैसे उत्पन्नात धरू नका. प्रवेशशुल्क आणि प्रायोजकांचे पैसे यांतून पगार आणि मैदानाची देखभाल भागते का, एवढंच पाहा. साखळीचा घरचा सामना साधारण एक आठवडा आड येतो, म्हणून दोन आठवड्यांचा हिशेब एकत्र मांडा. मैदान सतत भरू लागलं की मगच वाढवा.

पाचवी, लिलाव. बोली लावण्याआधी कमाल रक्कम कागदावर लिहा आणि त्यापुढं एक पैसाही जाऊ नका. तसाच दुसरा खेळाडू उद्या बाजारात येतोच. रेंजसाठी रात्री जंगलरस्त्यावर उभं राहू नका. आपल्या भागात वाघ आणि अस्वलांचे हल्ले दरवर्षी होतात. खेळात पुन्हा उभं राहता येतं, त्या रस्त्यावर नाही.

सहावी, वृत्ती आणि मांडणी. सोपा प्रतिस्पर्धी असेल तेव्हा संघाला सबुरीनं खेळवा, संघभावना वर येते आणि ती कठीण सामन्यात कामाला येते. झोकून द्यायचं ते हंगामात एकदा, तेही सगळं पणाला लागलेलं असेल तेव्हा. नवी मांडणी मैत्रीपूर्ण सामन्यांत पक्की करून घ्या. ऐन सामन्यात प्रयोग करू नका.

सातवी गोष्ट खेळाबाहेरची आहे, पण मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेनं ऑनलाइन खेळांसाठी कायदा केला आणि पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर बंदी घातली. व्यवस्थापनाच्या खेळात जिंकून रुपया हाती येत नाही, त्यामुळं तो त्या बंदीत येत नाही. पण टोकन विकणारे खेळ आपल्या खिशातून पैसे नेऊ शकतात आणि ते आपल्या संमतीनं जातात. त्यापासून कायदा वाचवणार नाही, आपणच वाचवायचं. फोनमधल्या खेळाला बँकेचं खातं जोडू नका. जोडलं असेल, तर आज काढा. महिन्याचं विवरण डोळ्यांसमोर ठेवून लहान रकमांची बेरीज करा. लहान भावाच्या हाती फोन असेल, तर त्याचीही.

वेळेलाही बांध घाला. चांगला चाललेला संघ आठवड्याला दोन बैठकांत सांभाळता येतो. एक सराव आणि हिशेबासाठी, एक मांडणीसाठी. त्याहून जास्त वेळ जातोय असं दिसलं, तर समजा, तुम्ही खेळ चालवत नाही, खेळ तुम्हाला चालवतोय.

नागपुरात विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना घेऊन फुटबॉल सुरू केला, त्यातून 'स्लम सॉकर' ही संस्था उभी राहिली. त्यांच्यावर 2022 साली 'झुंड' चित्रपट आला. चित्रपट आमच्या तालुक्यातल्या मुलांनीही पाहिला. आता मी ज्या गावात काम करतो, तिथं शाळेमागच्या मोकळ्या जागेवर रोज संध्याकाळी चौदा-पंधरा मुलं खेळतात. चेंडू मी आणला. त्या मुलांत मधल्या फळीत खेळणारी एक मुलगी आहे. चेंडू पायात घेण्याआधी ती मान वर करून पाहते, कुणाला द्यायचा ते. पडद्यावर अशी समज दाखवणारा एकही आकडा मी पाहिलेला नाही.

वाचकांना एकच विनंती. खेळा, जरूर खेळा, जिंकाही. पण संघ विकत आणू नका, वाढवा. आणि बाबांच्या रोवणीचे पैसे जूनच्या आधी बाजूला काढून ठेवा.