झिजलेल्या कडांचा टाइप वापरताना

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिकागोच्या बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप फाउंड्रीने मुद्दाम झिजवलेल्या कडांचा एक टाइप विक्रीला आणला. बर्न नॅडलने काढलेल्या या टाइपाचं मूळ नाव ‘फिफ्टीन्थ सेंच्युरी’. पुढे नाव बदलून तो ‘कॅसलॉन अँटिक’ झाला आणि खपू लागला. लंडनच्या विल्यम कॅसलॉनशी (१६९२–१७६६) त्याचा संबंध फक्त नावापुरता. ‘ले मिझराब्ल’ या संगीतिकेचं नाव याच टाइपात असतं, त्यामुळे तो कित्येकांच्या डोळ्यांत बसला आहे.

जुन्या छपाईतली झीज खरी होती. ओलसर हातकागद, दाबाखाली बाजूला सरकणारी शाई, वापरून बोथट झालेले शिशाचे खिळे. म्हणून एका पानावरचे दोन ‘ई’ कधी हुबेहूब उठत नसत. संगणकावर तोच ‘ई’ पुन्हा येतो, टवकाही त्याच जागी.

प्रस्तुत लेखकाला या अक्षरांचा मनापासून लोभ आहे, म्हणूनच एका स्मरणिकेच्या मुखपृष्ठाचं प्रूफ पाहून तो अस्वस्थ झाला. वर इंग्रजीत ‘कमिटी’ हा शब्द कॅपिटलमध्ये होता: दोन एम, दोन टी, दोन ई शेजारीशेजारी आणि प्रत्येक जोडीला एकाच ठिकाणी खाच. खाली देवनागरी नावावर खरखरीतपणाचा फिल्टर मारलेला. शिरोरेघ अक्षराअक्षराला तुटली होती आणि अनुस्वार खरवडला जाऊन ‘संस्था’ची ‘सस्था’ झाली होती. पत्त्याची बारीक ओळही त्याच टाइपात होती. ती पाहून संस्थेच्या लोकांनी छपाईच बिघडल्याचं ठरवलं.

असा टाइप फक्त मोठ्या मापात, दोन-चार शब्दांपुरता घ्यावा. पत्ता, तारीख, नावांची यादी साफ टाइपात लावावी. फाँटमध्ये एकाच अक्षराची पर्यायी रूपं असतील तर ती वापरावीत. नसतील तर शब्दाचे आउटलाइन करून जोडीतल्या एका अक्षराची कड हाताने बदलावी. एवढ्याशा कामाने शब्द जिवंत होतो! देवनागरीत आधी साफ अक्षरं जुळवावीत, अख्खा शब्द एकसंध करावा आणि मगच तो झिजवावा. शिरोरेघ आणि अनुस्वाराला हात लावू नये. पाटीसाठी व्हिनाईल कापायचं असेल तर प्लॉटरकडे साध्या कडांचीच फाईल द्यावी, कारण कडेचे बारीक तुकडे काढताना अक्षरही उचकटतं.

सतराव्या शतकाचं इंग्रजी वळण हवं असेल, तर इजिनो मारिनींनी डिजिटल केलेले ‘फेल’ टाइप मोफत मिळतात. ऑक्सफर्डचे बिशप जॉन फेल १६८६ साली वारले आणि त्यांचे टाइप विद्यापीठाकडे गेले. तिथल्या जुन्या छपाईची कड या फाँटमध्ये उतरली आहे. त्यात निरनिराळ्या मापांसाठी वेगवेगळी कोरलेली अक्षरं आहेत. शीर्षकाला मोठ्या मापाचा ‘फ्रेंच कॅनन’ घ्यावा. लहान मापाचा ‘पायका’ ताणून मोठा करू नये.