दाखल्याच्या पुढे

मु. मोरा, ता. उरण, जि. रायगड
जून 2025

चि. बाळ यास,


परवा रात्री फोनवर तू जे विचारलेस त्याला तिथल्या तिथे मी उत्तर दिले नाही, म्हणून तू मनातून खट्टू झाला असशील. परंतु बारावी विज्ञानाचा निकाल हाती आलेल्या मुलाने चुलत्यांनी ठरवून आणलेली ठेकेदाराकडची कंटेनर यार्डातील नोकरी पत्करावी, की पुढे कोठे नाव घालावे, की आजोबांचा प्रकल्पग्रस्ताचा दाखला आपल्या नावावर होईपर्यंत नुसते थांबून राहावे, हा प्रश्न जेवता जेवता निकालात काढण्यासारखा नाही. माझी सारी हयात महसूल खात्याच्या कारकुनीत गेली असल्यामुळे इतर कशाविषयी नसला तरी कागदांविषयी बोलण्याचा मला थोडाबहुत अधिकार आहे. तेव्हा आरंभ त्या दाखल्यापासूनच करतो.

तो दाखला तुझ्या घरात फुकट आलेला नाही. 17 मार्च 1970 रोजी सिडकोची स्थापना झाली आणि नव्या मुंबईसाठी ठाणे, पनवेल व उरण या तालुक्यांतील 95 गावांच्या जमिनी संपादनाच्या फेऱ्यात आल्या, तेव्हा तुझ्या आजोबांसारख्या माणसांची भातखाचरे आणि मिठागरे, म्हणजे त्यांना ठाऊक असलेली सारी उपजीविका, नकाशावरच्या एका रेघेआड गेली. पुढे योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जो लढा झाला त्यात 16 व 17 जानेवारी 1984 या दोन दिवसांत पाच शेतकरी गोळीबारात बळी पडले, तेव्हा कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. 26 मे 1989 रोजी न्हावा-शेवा बंदर राष्ट्रास अर्पण झाले, तेव्हा त्या समारंभाच्या मंडपापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या घरांतून 'आपल्या पोरांना आता बंदरात चिकटवतील' हे एकच वाक्य ऐकू येत असे. कित्येक चिकटले, हे खरे. पण जे राहिले त्यांची मुले आणि आता त्यांची नातवंडे तेच वाक्य घोकत ओट्यावर बसलेली मी पाहतो, आणि मला त्यांच्यापेक्षा त्यांच्या वडीलधाऱ्यांचा अधिक राग येतो.

कारण दाखल्याचा कायदेशीर अर्थ काय, हे कोणी त्यांना नीट समजावून देत नाही. प्रकल्पग्रस्तांस राज्य शासनाच्या गट 'क' आणि गट 'ड' च्या पदांत 5 टक्के समांतर आरक्षण आहे. परंतु त्या 5 टक्क्यांतील जागेसही जाहिरात लागते, जाहिरातीत शैक्षणिक अर्हता लागते, परीक्षा होते, आणि दाखला असलेल्या उमेदवारांचीच आपापसांत गुणानुक्रमे यादी लागते. म्हणजे दाखल्याने तू ज्या रांगेत उभा राहशील त्या रांगेतले सगळेच दाखलेवाले असतील, आणि तेथे तुला पुढे सरकवील ते तुझे शिक्षण. यासाठी माझे म्हणणे असे की, दाखला आजोबांच्या संमतीपत्रासह तुझ्या नावावर करण्याचा अर्ज विनाविलंब करावा, त्याची पोच घ्यावी, पोचेवरील आवक क्रमांक वहीत टिपून ठेवावा, आणि मग त्या अर्जाची तड लागेपर्यंत त्याच्याकडे पाहत न बसता आपल्या मार्गाला लागावे. हक्क सोडू नये. पण हक्काच्या भरवशावर वयाची अठरा ते तेवीस ही वर्षे गहाणही ठेवू नयेत. दि. बा. स्वतः जासईचे, याच मातीतले, आणि वकील. संपादनाच्या नोटिशीतील कोणत्या शब्दाला हरकत घ्यायची हे त्यांना वाचून कळत होते, ही गोष्ट त्यांच्या पुतळ्याला हार घालणाऱ्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

कचेरीतील माझ्या मेजासमोर तुझ्या वयाची मुले येत, त्यांचे एक चित्र अजून डोळ्यांपुढे आहे. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सारी प्रमाणपत्रे, त्यांतील निम्मी चकचकीत लॅमिनेट केलेली, म्हणजे ज्यांवर पुढे कधी शिक्का वा शेरा उमटणार नाही अशी. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर वडिलांचे नाव एक, आधार कार्डावर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरेच. आणि 'हे असे का?' म्हणून विचारले की मुलगा बाजूला उभ्या असलेल्या काकांकडे पाही व काका खिडकीबाहेर पाहत. शाळेच्या जनरल रजिस्टरातील नोंद शाळा सोडल्यावर दुरुस्त करून घेणे किती दुष्कर असते, हे त्यांना त्या मेजासमोर पहिल्यांदा कळे. तू कनिष्ठ महाविद्यालयातून दाखला काढण्यापूर्वी आपले नाव, आडनावाचे शुद्धलेखन, जन्मतारीख आणि जातीची नोंद ही चारही डोळ्यांखालून घाल. आणि जात पडताळणीचे प्रमाणपत्र अजून हाती आले नसेल तर प्रवेशाच्या मुदतीआधी त्याचा पाठपुरावा स्वतः कर. काकांना बरोबर नेलेस तरी बोलणे तुझे असू दे.

आता यार्डातील नोकरीविषयी. ती हलकी आहे असे मी म्हणणार नाही. उन्हात उभे राहून कंटेनरचे क्रमांक आणि सील तपासून टॅली लिहिणाऱ्या मुलांच्या पगारावर या तालुक्यातली कितीतरी घरे आज चालली आहेत. पण ते काम जे काही शिकवण्यासारखे आहे ते थोड्याच महिन्यांत शिकवून मोकळे होते, आणि त्यानंतर मनुष्य वर्षानुवर्षे तेच पान पुन्हा पुन्हा गिरवीत राहतो. ठेका बदलला म्हणजे नवा ठेकेदार त्याला पुन्हा पहिल्या पगारावर घेतो. घेणारच असशील तर तीन गोष्टी विचारून घे: नेमणुकीचे पत्र कोणाच्या सहीचे मिळणार, भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक तुझ्या नावावर पहिल्या महिन्यापासून निघणार काय, आणि कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाणार असेल तर तिचे कार्ड कोठे. हे प्रश्न विचारल्यावर जो ठेकेदार रागावतो, त्याच्या रागातच उत्तर मिळते.

आमच्या शाळेत मास्तर कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड, जिल्ह्याचा अभिमान म्हणून चिंतामणराव देशमुखांचे उदाहरण देत: महाडजवळच्या नाते गावचा मुलगा 1912 साली मॅट्रिकला पहिला येतो, आणि पुढे रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर होतो. उदाहरण दिव्य खरे; पण वर्गातील उरलेल्या आम्हा मध्यम बुद्धीच्या मुलांना त्याचा उपयोग काय, हे मास्तरांनी कधी सांगितले नाही. त्यापेक्षा कर्मवीर भाऊराव पाटलांचे स्मरण मला अधिक उपयोगी वाटते. स्वतःचे इंग्रजी शिक्षण सहावीपलीकडे न गेलेल्या या पुरुषाने 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली आणि हाताने काम करून शिकणारा विद्यार्थी लाजिरवाणा नाही, हे साऱ्या महाराष्ट्राला पटवले. त्याच संस्थेचे वीर वाजेकर महाविद्यालय फुंड्यास तुझ्या घराजवळ आहे, आणि महात्मा फुले महाविद्यालय पनवेलीस. पदवीचा रस्ता धरायचा तर या दोन्हींपैकी कोठेही तू शोभशील.

पण मी तुला ओळखतो, म्हणून स्पष्टच लिहितो. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर करंज्याला तुझ्या वडिलांच्या मित्राच्या होडीचे इंजिन धूर ओकू लागले, तेव्हा तू इंजेक्टर काढून, डिझेलने धुऊन, जाळी उजेडाकडे धरून किती वेळ पाहत बसला होतास, हे तेथे असलेल्या सर्वांनी पाहिले आहे. भौतिकशास्त्राच्या पुस्तकापुढे इतका वेळ तू कधी बसलेला नाहीस. असा मुलगा विज्ञानाच्या पदवीवर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसला तर त्यात ना विज्ञानाचे हित ना त्याचे. बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्याला आपल्या राज्यात तंत्रनिकेतनाच्या पदविका अभ्यासक्रमात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, ही गोष्ट तुझ्या वर्गातील किती जणांना ठाऊक आहे ते विचारून पाहा. पेणच्या शासकीय तंत्रनिकेतनात यंत्र अभियांत्रिकीसाठी तंत्रशिक्षण संचालनालयाच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून अर्ज कर. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीच्याही दुसऱ्या वर्षाचे दार उघडे राहते, आणि नोकरीकडे वळायचे झाले तर 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये ओएनजीसीच्या उरण प्रकल्पासारख्या आस्थापनांत उमेदवारीची जाहिरात निघत असते. तेथे त्या दाखल्यापेक्षा पदविका आधी पाहतात.

मात्र थेट दुसऱ्या वर्षाला जाणाऱ्याची एक अडचण आहे, ती आधी सांगून ठेवतो. पहिल्या वर्षीच्या मुलांनी अभियांत्रिकी रेखाटन आणि कर्मशाळा हे विषय केलेले असतात. तू ते केलेले नसतील, आणि यंत्राचा छेद कागदावर कसा दाखवतात हे न कळल्यामुळे पहिले सत्र हातचे जाते. तेव्हा प्रवेश पक्का झाला की वर्ग सुरू होण्याची वाट न पाहता एक ड्रॉइंग बोर्ड आणि मिनी ड्राफ्टर घे, वरच्या वर्गातील एखाद्या मुलाच्या पहिल्या वर्षाच्या शीट उतरवून घे, आणि रोज एक तरी काढ. अकरावीला इंग्रजीतले पदार्थविज्ञान पाहून तू सहा महिने मुकाट बसलास आणि कोणाला काही विचारले नाहीस. येथे तसे केलेस तर कोणी तुला हाक मारून उठवणार नाही. शाळेत मास्तर तुझ्या आईला रस्त्यात गाठून तुझी कुचराई सांगत. तंत्रनिकेतनात हजेरी भरली नाही तर परीक्षेस बसू न देण्याचा हुकूम थेट फलकावर लागतो, आणि तोही तूच वाचायचा असतो.

जहाजाचा विचार तुझ्या मनात आहे, हे तुझ्या आईने सांगितले. तो वाईट नाही. 1910 पासून आपल्या शेजारी न्हाव्यास 'रहमान' ही प्रशिक्षण संस्था दर्यावर्दी तयार करीत आली आहे, आणि आपल्या किनाऱ्याच्या मुलांनी समुद्राचे भय धरावे असे काही नाही. पण सीडीसी, म्हणजे खलाशाचे नोंदपुस्तक, आणि जहाजावरील जागा यांसाठी लाखांत रक्कम मागणाऱ्या दलालाला उंबऱ्याच्या आत घेऊ नकोस. भरती करणाऱ्या कंपनीने खलाशाकडून नेमणुकीसाठी पैसे घेणे नियमाने वर्ज्य आहे, आणि परवाना असलेल्या कंपन्यांची यादी नौवहन महासंचालनालय प्रसिद्ध करते. त्या यादीत नाव नसलेल्याला एक रुपयाही देऊ नये. पदविका हाती असताना जहाजाच्या इंजिनखोलीकडे जाण्याचे मार्गही मोकळे राहतात, एवढे ध्यानात ठेव.

येत्या रविवारी मोऱ्याला ये. येताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आजोबांचा मूळ दाखला आणि सातबाऱ्याची नक्कल आण. तुझ्या चुलत्यांनाही सांग की, आपण बसून बोलू, मी त्यांच्या नोकरीच्या विरुद्ध नाही. तंत्रनिकेतनाच्या अर्जाची तारीख सुटू नये म्हणून तो आधी भरू, दाखल्याचा अर्ज मी सोमवारी तुझ्याबरोबर कचेरीत येऊन दाखल करवीन. मात्र खिडकीपाशी मी मागे उभा राहीन. तुझ्या आईस माझे आशीर्वाद सांग, आणि तिने दिलेल्या सुकटीचा डबा परत करायचा राहिला आहे, तोही घेऊन जा.

तुझा,
मामा