स्लायडिंग गेटची मोटर: किलो विचारण्याआधी गेट ओढून बघा



व्हिडिओत आपण मोटर प्रत्यक्ष बसवली. इथे त्याच्या आधीचं काम लिहितोय, कारण या धंद्यात पैसे तिथेच वाचतात नाहीतर बुडतात.

ग्राहकाचा पहिला प्रश्न ठरलेला. "आमच्या गेटला किती किलोची मोटर लागेल?" आणि आपणही काउंटरवरूनच सांगून टाकतो, 600 ची बसेल, नाहीतर 1000 ची घ्या, टेन्शन नको. असं करू नका. मोटर गेट उचलत नाही, ढकलते. तिच्यावर लिहिलेले किलो सपाट ट्रॅक आणि गुळगुळीत फिरणारी चाकं धरून लिहिलेले असतात.

वजनाचा अंदाज तरीही काढायचाच. समजा गेट 14 फूट लांब, 6 फूट उंच आहे. म्हणजे साधारण 7.8 चौरस मीटर. 2 मिमी लोखंडी पत्रा चौरस मीटरला 15.7 किलो भरतो, म्हणजे पत्र्याचेच 122 किलो झाले. 50 बाय 50 चा 3 मिमी जाडीचा पाइप मीटरला साधारण 4.4 किलो, फ्रेम आणि मधले आडवे-उभे मिळून 20 मीटर धरला तर 88 किलो. चाकं, नक्षी धरून 250 समजा. कागदावर 600 किलोची मोटर आरामात चालते.

आता साइटवर जा. सोबत सामान मोजायचा लटकता काटा न्या, दोन-चारशे रुपयांत मिळतो. हँडलला अडकवून गेट या टोकापासून त्या टोकापर्यंत हळू, एकसारखं ओढा. 250 किलोचं गेट दहा किलोच्या आत सरकायला हवं, हा माझा ठोकताळा. काटा मध्येच 25-30 दाखवत असेल तर तिथे ट्रॅक वाकलाय, सिमेंट सांडलंय किंवा चाकाचं बेअरिंग गेलंय. मग गेट मध्यावर सोडून बघा. आपोआप सरकलं तर उतार आहे. शंभर फुटाला दोन फूट एवढा उतार असला तरी 250 किलोच्या गेटला चढताना 5 किलो जादा ओढ लागते, आणि वीज नसताना मोटर मोकळी केली की तेच गेट अंगावर येतं.

अशा गेटला मोठी मोटर लावणं हा उपाय नाही. का, ते नीट समजून घ्या. गेटला काही आडवं आलं की मोटरला जोर जास्त लागतो, त्यावरून बोर्डाला कळतं आणि तो गेट थांबवतो किंवा मागे नेतो. हा जोर किती चालेल ते फोर्सच्या सेटिंगवर ठरतं. ट्रॅक खराब असला की गेट उगाचच थांबतं, ग्राहक वैतागतो, मेकॅनिक येऊन फोर्स फुल करतो. गेट बंद व्हायला लागतं, सगळे खूश. पण उद्या गेट आणि खांबाच्या मध्ये लहान मूल आलं तर त्या बोर्डाला मूल आणि ट्रॅकमधला खडा यात फरक कळत नाही. तो दोन्हींना दाबूनच पुढे जाणार.

म्हणून कोटेशनमध्ये ट्रॅक-चाकांची दुरुस्ती वेगळी ओळ लिहा, आणि ती कोण करणार तेही लिहा. ग्राहक नाही म्हणाला तर ऑर्डर सोडा. फोटोसेल "हवा असल्यास" म्हणून लिहूच नका, तो मोटरच्या किमतीतच धरा. जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आसपास लावा.

बसवण्यात महत्त्वाचं थोडकंच आहे. पाया आजूबाजूच्या जमिनीपेक्षा वर काढा, पावसाळ्यात मोटरभोवती तळं होतं. पॉवरची आणि फोटोसेलची वायर वेगळ्या पाइपांतून न्या, अर्थिंग द्या, आणि पाइपांची तोंडं फोमने बुजवा. पाली आणि मुंग्यांनी गेलेले बोर्ड मी इतके पाहिलेत की हे पुन्हा पुन्हा सांगतो. रॅक आणि पिनियनमध्ये 1 ते 2 मिमी फट ठेवा, आणि मोटर मोकळी करून गेट पूर्ण सरकवत ती प्रत्येक ठिकाणी तपासा. गेटचं वजन पिनियनवर बसलं की गिअर खाल्ला जातो.

लिमिट स्विच आहे म्हणून स्टॉपर टाळू नका. मॅग्नेट सरकला की गेट ट्रॅक सोडून बाहेर जातं, आणि अडीचशे किलो कोणावर पडतील सांगता येत नाही. ट्रॅकच्या दोन्ही टोकांना वेल्डिंग केलेले दणकट स्टॉपर आणि वरती गाइड रोलर हवेतच.

जिथे लोडशेडिंग आहे तिथे 24 व्होल्टची बॅटरीवाली मोटर सुचवा. आणि पेमेंट घेण्याआधी मोटर मोकळी करायची किल्ली मालक आणि वॉचमन दोघांच्या हातात द्या, मेन स्विच बंद करा, आणि त्यांना तुमच्यासमोर एकदा गेट हाताने उघडायला लावा.