गुडघे झिजतात, म्हणून चालायचं नाही?

‘गुडघे झिजलेत, आता चालणं कमी केलंय.’ भारतातल्या आई-बाबांकडून हे आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं असेल. ‘झीज’ म्हटलं की डोळ्यांपुढे गाडीचा टायर येतो: जितका वापर, तितकी झीज. पण टायर निर्जीव असतो, सांधा जिवंत असतो.

सांध्यात हाडांच्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवातून होतं. ओला स्पंज दाबला की पाणी बाहेर येतं, सोडला की आत शिरतं. कूर्चेचंही साधारण तसंच. पाऊल टेकलं की दाब, उचललं की ढील. म्हणजे चालणं हे कूर्चेचं जेवण आहे. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८४पासून जवळपास दोन दशकं लांब पल्ल्याचे धावपटू आणि न धावणारे यांच्या गुडघ्यांचे एक्स-रे तपासले. धावपटूंचे गुडघे जास्त खराब झालेले आढळले नाहीत.

मग रोज काय करावं?

ऊठबस: कामाच्या खुर्चीतून दर अर्ध्या तासाने उठा, दोन मिनिटं चाला.

मांडीचे स्नायू: मांडीच्या पुढचा स्नायू गुडघ्यावरचा धक्का झेलतो. हातांचा आधार न घेता खुर्चीतून दहा वेळा उठणं-बसणं हा त्याचा सोपा व्यायाम. जमत नसेल तर उंच खुर्चीपासून सुरुवात करा.

वजन: एक किलो वजन कमी झालं, तर प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो. फ्रेमिंगहॅम अभ्यासात (१९९२) दहा वर्षांत सुमारे पाच किलो वजन घटलेल्या स्त्रियांमध्ये गुडघेदुखीच्या संधिवाताची शक्यता निम्म्याहून कमी झाली होती.

दुखापत: तरुणपणी फाटलेला लिगामेंट पुढे संधिवाताचा धोका वाढवतो. शनिवार-रविवारी बॅडमिंटन किंवा क्रिकेट खेळण्याआधी अंग गरम करून घ्या.

ज्यांचे गुडघे आधीच दुखतात, त्यांनीही चालणं सोडू नये. थोडं दुखलं तरी चालेल. दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं, तर अंतर कमी करा. मांडी घालून किंवा उकिडवं बसणं त्रासदायक असेल, तर खुर्ची वापरा. मात्र सांधा लाल, गरम किंवा सुजलेला असेल, किंवा सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. तो आमवात असू शकतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात.

हिवाळ्यात आई-बाबा इकडे आले आणि बाहेर बर्फ असला, तर त्यांना मॉलमध्ये न्या. खरेदी नाही झाली तरी वीस मिनिटांची फेरी होईल.