मदतीसाठी खेळलेला सामना

मुलांनो, सामना संपला की आपला पहिला प्रश्न असतो, "कोण जिंकले?" आज ज्या सामन्याची हकिकत सांगतो, त्यात हा प्रश्न सर्वांत शेवटी येतो.

२६ डिसेंबर २००४, रविवार. इंडोनेशियातील सुमात्रा बेटाजवळ समुद्राच्या तळाशी प्रचंड भूकंप झाला. तळ हलला, पाणी उसळले आणि लाटा दूरदूर धावत सुटल्या. अशा लाटांना त्सुनामी म्हणतात. खोल समुद्रात ही लाट जेमतेम जाणवते. किनाऱ्याजवळ येताच ती उंच होते. काही तासांत इंडोनेशिया, थायलंड, श्रीलंका आणि आपला तमिळनाडू व अंदमान-निकोबार येथील कितीतरी गावे वाहून गेली. दोन लाखांहून अधिक माणसे दगावली.

त्या दिवशी श्रीलंकेचा संघ न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला खेळत होता. दौरा अर्धवट सोडून खेळाडू घरी परतले. फिरकी गोलंदाज मुथय्या मुरलीधरन त्या वेळी श्रीलंकेतच होता. त्याला सकाळी किनाऱ्यावरील एका गावी जायचे होते. निघायला थोडा उशीर झाला, म्हणून तो वाचला. पुढे अन्नधान्याच्या गाड्यांबरोबर तो स्वतः गावोगावी फिरला.

पंधराच दिवसांनी, १० जानेवारी २००५ रोजी, ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे मदतनिधीसाठी एकदिवसीय सामना झाला. एका बाजूला रिकी पाँटिंगचा जागतिक संघ, दुसऱ्या बाजूला सौरव गांगुलीचा आशियाचा संघ. आशियाच्या संघात कोण कोण होते पाहा: भारताचे सेहवाग, द्रविड, कुंबळे, पाकिस्तानचे युसुफ योहाना, अब्दुल रझाक, श्रीलंकेचे जयसूर्या, संगकारा, मुरलीधरन. आपल्या श्रीरामपूरचा झहीर खानही होता. एरवी एकमेकांचे गडी बाद करणारे हे खेळाडू त्या दिवशी एकाच कप्तानाच्या हाताखाली खेळले. मला तर हे दृश्य शतकापेक्षा मोलाचे वाटते.

वर्गात एका मुलाने विचारले, "सर, खेळाडूंनी आपल्या खिशातूनच पैसे का दिले नाहीत?" प्रश्न चांगला आहे. पण खेळाडूचा खिसा कितीही मोठा असला तरी तो एकच. त्याचा खेळ पाहायला मात्र सत्तर हजार माणसे आली. घरी दूरदर्शनसंचासमोर बसलेले लाखो लोक वेगळेच. तिकिटे आणि देणग्या मिळून १ कोटी ४० लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलर जमले. त्या वेळच्या भावाने हे ४५ कोटी रुपयांहून जास्त होतात. हा पैसा त्सुनामीग्रस्तांच्या मदतीसाठी गेला.

नकाशात श्रीलंकेच्या दक्षिण टोकाला गॉल हे शहर शोधा. तेथील क्रिकेटचे मैदान जुन्या किल्ल्याला लागून, अगदी समुद्राजवळ आहे. लाटेने त्याची पार नासधूस केली होती. ते दुरुस्त व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागली. डिसेंबर २००७ मध्ये तेथे पुन्हा कसोटी सामना झाला आणि श्रीलंकेचा कप्तान महेला जयवर्धने याने नाबाद २१३ धावा काढल्या.

आता तुमचा प्रश्न. मेलबर्नला पाँटिंगने ११५ धावा काढल्या आणि जागतिक संघाने ८ बाद ३४४ धावा केल्या. आशियाचा संघ २३२ धावांत बाद झाला. द्रविड ७५ धावांवर नाबाद राहिला. जागतिक संघ ११२ धावांनी जिंकला.