नवा कॉम्प्युटर सुरूच होत नाही? आधी हे बघा



गेल्या महिन्यात आपल्या प्रभागसंघाच्या ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला. नारळ फोडला, हळदकुंकू वाहिलं, फोटो काढले. चौथ्या दिवशी बटण दाबलं तर काहीच नाही. ना लाइट, ना आवाज. त्याच आठवड्यात गटांचे कर्जप्रस्ताव बँकेत द्यायचे होते. "एवढी महागाची वस्तू माझ्या हातून बिघडली, आता भरून द्यावी लागणार," या भीतीने लेखापाल ताईंनी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही.

मी गेले आणि पहिला प्रश्न विचारला, "शेवटी कुणी हात लावला होता?" ताईंच्या डोळ्यांत पाणी आलं. चूक माझी होती. विचारायला हवं होतं, "लाइट कुठपर्यंत आलीय?" मग आम्ही दोघी टेबलाखाली वाकलो. झाडताना टेबल भिंतीकडे सरकवलं होतं. त्यात सीपीयूच्या मागचं छोटं बटण दाबलं जाऊन बंद झालं होतं. ते चालू केलं आणि कॉम्प्युटर सुरू!

विहिरीवरची मोटर चालू झाली नाही तर आपण काय करतो? आधी लाइट आहे का बघतो, मग फ्यूज, मग स्टार्टर. इथेही तसंच. भिंतीपासून सुरुवात करायची.

लाइट नाही, आवाज नाही

१. भिंतीवरच्या त्याच सॉकेटला मोबाइलचा चार्जर लावून बघा. चार्जिंग होत नसेल तर दोष कॉम्प्युटरचा नाही.

२. यूपीएसला स्वतःचं बटण असतं, ते दाबलंय का? यूपीएस सारखा टूं-टूं करत असेल तर बहुतेक भिंतीतून लाइट येत नाहीये आणि तो बॅटरीवर चाललाय.

३. बऱ्याच सीपीयूंच्या मागे, वायर लागते तिथे बटण असतं. उभी रेघ म्हणजे चालू, गोल म्हणजे बंद. काही डब्यांना शेजारी ११५ आणि २३० असं लिहिलेलं लाल बटणही असतं. आपल्याकडे ते २३० वरच हवं. ११५ वर दिसलं तर कॉम्प्युटर चालू करू नका, दुकानदाराला फोन करा.

४. भिंतीवरचं बटण बंद करून वायर दोन्ही टोकांना काढून घट्ट बसवा.

पंखा फिरतो, पण स्क्रीन काळी

मॉनिटरची लाइटची वायर आणि बटण वेगळं असतं, ते बघा. स्क्रीनवर "नो सिग्नल" आलं तर मॉनिटर चालू आहे, पण सीपीयूकडून चित्र पोहोचत नाही. दोघांमधली केबल पुन्हा घट्ट बसवा.

स्क्रीनवर "बूट डिव्हाइस" असे शब्द

आधी पेनड्राइव्ह लावलेला राहिलाय का बघा. काढा आणि पुन्हा सुरू करा. तरीही तेच आलं तर दुकानदाराला सांगा.

सुरू करताना टूक-टूक आवाज

किती वेळा वाजतो ते मोजून लिहून ठेवा. गाडीतून आणताना हादरे बसून आतला एखादा भाग ढिला झालेला असू शकतो.

हे करू नका

- डबा स्वतः उघडू नका. वॉरंटीची अडचण येऊ शकते.
- ओल्या हाताने वायरी हलवू नका.
- जळका वास आला, ठिणगी उडाली किंवा डब्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर लगेच भिंतीवरचं बटण बंद करा. झिणझिण्या येत असतील तर वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

दुकानदाराला फोन करताना बिल, डब्यावरचा सीरियल नंबर आणि स्क्रीनचा मोबाइलवर काढलेला फोटो जवळ ठेवा. "वॉरंटीत आहे ना? येण्याचे पैसे लागतील का?" हे आधीच विचारा. आमच्या वेळी एका दुरुस्तीवाल्याने न बघताच येण्याचे ४०० रुपये सांगितले होते!

पुढच्या बैठकीत करायचं काम

प्रत्येक ताईने एकदा स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर चालू आणि बंद करायचा. वरच्या पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून टेबलाशेजारी चिकटवायच्या. आणि एक वही ठेवायची: तारीख, काय दिसलं, काय करून पाहिलं, कशाने सुरू झालं. "कुणामुळे बिघडलं" असा रकाना त्या वहीत नको. तो नसेल तर बिघाड दोन दिवसांनी नाही, त्याच दिवशी कळेल. आमचे प्रस्ताव शेवटच्या दिवशी कसेबसे पोहोचले, तुमचे वेळेत पोहोचू देत.

तुमची क्षेत्र समन्वयक