पिकांचे डॉक्टर

माणूस आजारी पडला की डॉक्टरांकडे जातो. बैल आजारी पडला की आपण गुरांच्या डॉक्टरांना बोलावतो. पण पीक आजारी पडले तर? पिकांनाही रोग होतात. त्या रोगांचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राला 'वनस्पती रोगशास्त्र' म्हणतात.

येलदरीला पूर्णा नदीवर मोठे धरण आहे. या भागात ज्वारी, कापूस, तूर, हरभरा, सोयाबीन अशी पिके घेतात. कधी कधी तुरीची हिरवीगार झाडे अचानक माना टाकतात. पाहणाऱ्याला वाटते, पाणी कमी पडले. पण जमिनीत तर ओल असते! हा मर रोग. त्याची बुरशी मातीत राहते, मुळांतून आत शिरते आणि पाणी वर नेणाऱ्या नलिका बंद करते. मग कितीही पाणी दिले तरी झाड वाचत नाही. रोग ओळखता आला नाही, तर शेतकऱ्याचे कष्टही जातात आणि पैसाही.

पिकांचे बहुतेक रोग बुरशी, जिवाणू किंवा विषाणू यांमुळे होतात. ज्वारीच्या कणसात दाण्यांऐवजी काळी भुकटी भरते, त्याला काणी म्हणतात. पेरणीपूर्वी बियाण्याला गंधक चोळले, तर दाण्यांची काणी टाळता येते. विषाणूचे मात्र तसे नाही. त्याला मारणारे फवारणीचे औषध नाही.

रोगामुळे केवढा अनर्थ होतो, ते इतिहास सांगतो. १८४५ साली आयर्लंड देशात बटाट्यावर करपा रोग आला. पुढील काही वर्षांत तेथे सुमारे दहा लाख माणसे भुकेने व आजाराने मेली.

आता आपल्या जिल्ह्यातील गोष्ट ऐका. परभणी येथे १९७२ साली मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले. २०१३ पासून त्याच्या नावात वसंतराव नाईक यांचे नाव जोडले गेले. भेंडीवर एक विषाणूजन्य रोग येतो. पानांच्या शिरा पिवळ्या पडतात, फळेही पिवळी होतात आणि बाजारात त्यांना कोणी विचारत नाही. पांढरी माशी हा रोग पसरवते. या विद्यापीठातील शास्त्रज्ञ जांभळे आणि नेरकर यांनी भेंडीच्या 'पुसा सावनी' वाणाचा, रोगाला दाद न देणाऱ्या तिच्याच कुळातील एका वनस्पतीशी संकर केला. अनेक पिढ्या निवड करून त्यांनी 'परभणी क्रांती' हा वाण तयार केला. १९८६ साली त्याची माहिती परदेशी शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. पुढे काही ठिकाणी या वाणावरही रोग दिसू लागला. विषाणू बदलतो, म्हणून संशोधन थांबवता येत नाही.

हे शिक्षण कसे घ्यावे? बारावी विज्ञान शाखेतून उत्तीर्ण व्हावे आणि प्रवेश परीक्षा द्यावी. बी.एस्सी. (कृषी) हा अभ्यासक्रम चार वर्षांचा आहे. त्यानंतर दोन वर्षांच्या एम.एस्सी.साठी वनस्पती रोगशास्त्र हा विषय घेता येतो. पुढे पीएच.डी. करता येते. राज्यात राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथे कृषी विद्यापीठे आहेत. मुलींनाही हे शिक्षण तितकेच खुले आहे.

या शिक्षणानंतर कृषी विद्यापीठात किंवा संशोधन संस्थेत काम मिळू शकते. स्पर्धा परीक्षा देऊन कृषी अधिकारी होता येते. बँका, बियाणे कंपन्या आणि कृषी विज्ञान केंद्रे यांनाही असे पदवीधर लागतात. स्वतःची रोपवाटिका किंवा माती तपासणीची प्रयोगशाळाही काढता येते.

मित्रांनो, तुम्ही घरी उर्दू बोलता. विद्यापीठात पुस्तके इंग्रजीत असतील. पण बांधावर उभा असलेला शेतकरी आपले दुखणे मराठीतच सांगेल. त्याचे बोलणे नीट समजले, तरच उपाय नीट सांगता येईल. म्हणून हा विषय केवळ गुणांसाठी शिकू नका. पुढच्या वेळी शेतात पिवळे पान दिसले, तर ते हातात घ्या, उलटून पाहा आणि विचारा, "हे असे का झाले?" पिकांच्या डॉक्टरांचा अभ्यास याच प्रश्नापासून सुरू होतो.

शब्दार्थ
माना टाकणे – कोमेजणे
अनर्थ – मोठे संकट
दाद न देणे – न जुमानणे
वाण – पिकाची जात

स्वाध्याय
१. मर रोगात झाड का वाळते?
२. 'परभणी क्रांती' हा वाण कसा तयार झाला?
३. तुमच्या परिसरातील एका पिकाचे निरीक्षण करून पाच वाक्ये लिहा.